काटा मध्येच होता

अड्याळ,
१८ जुलै २०२४

चि. विनोद,

पाच दिवसांपासून फोन लावून राहिलो. घंटी वाजते, तू उचलत नाही. म्हणून ही चिठ्ठी. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं काळा चष्मा लावून देला अन् महिनाभर वाचणं-लिहिणं बंद सांगतलं. मी बोलतो, लिहिणारं माणूस लिहिते. एवढं समजून घे.

मले तुझी माफी मागाची आहे. तू माझ्या हाताखाली गाडीचं काम शिकला म्हणून माझी जीप फुकटात नवी करून देली असं नाही, पण जीव लावून करून देली हे खरं. तीस वर्षांचं धूड, त्यात तू नव्या गाडीचं डिझेल इंजन बसवलं, मागं दोन बाक वाढवले, अन् तरी जीपचं तोंड जसंच्या तसं ठेवलं. मी गावभर सांगत फिरलो का हे माझ्या चेल्याचं काम आहे. पोरगा चंद्रकुमार पुण्याले कंपनीत, घरी गाडी चालवाले दुसरं कोणी नाही, म्हणून सुनबाईच्या हाती देली. रेणूनं लायसन काढलं, धानाच्या रोवणीच्या बाया शेतावर नेणं-आणणं सुरू केलं. वीस दिवस चाललं. गावातल्या लोकायची तोंडं तेवढे दिवस बंद होती.

अन् मंग तेरा तारखेले सगळं पाण्यात गेलं. शेताच्या वाटेवर नहराजवळ वाफ निघाली, इंजन जाम. बारा बाया चिखलातून पायी आल्या. त्यातली उषाबाई समोर बसली होती, ती बॉनेट उघडाले गेली तं पाइप सुटला अन् मनगटापासून कोपरापर्यंत हात पोळला. तू लाखनीहून आला, ओढून आणलेल्या गाडीचं बॉनेट गावातल्या चहाच्या टपरीसमोर सगळ्यांच्या पुढे उघडलं अन् म्हणाला, "गर्मीचा काटा लालमध्ये गेला असन, वैनीनं पाह्यलाच नाही. गाडी चालवाले डोळे लागतात." लोक हसले. मी बाजूले मान खाली घालून उभा होतो. तू बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं, बाईमाणसाच्या हाती गाडी देली ही माझीच चूक.

रेणू म्हणते, काटा मध्येच होता. मी तिले म्हणलो, झाली तेवढी शोभा पुरे, आता खोटं बोलून आणखी लाज नको काढू. चाबी तिच्याजवळून घेतली अन् माझ्या करदोट्याले बांधून ठेवली. तुझी मेहनत माझ्या घरच्या माणसानं मातीत घातली, त्याची माफी दे. इंजनाचं काय झालं ते कळव.

तुझा वस्ताद,
यादोराव

॰

लाखनी,
२४ जुलै

तीर्थस्वरूप वस्ताद,

तुमच्या पायावर डोकं ठेवतो. चिठ्ठी भेटली. फोनचं म्हनाल तं गॅरेजमंधी आवाज लय असते, आयकू येत नाही. पावसाचं कामही बम येऊन राहिलं, हायवेवरचे ट्रक उभे आहेत.

इंजन खोललो. इंजनाच्या डोक्यावरचं हेड वाकलं होतं, घासून आनलो. गास्केट नवीन टाकतो. पिस्टनले जास्त मार नाही, वाचलं म्हना. दहाएक दिवसात होऊन जाईन.

वस्ताद, तुमी माफी नका मागू. तुमी माफी मागनं मले चांगलं नाही वाटत. वैनीवरही जास्त रागावू नका. नवीन हात आहे, होते असं. मी बी त्या दिवशी जरा जास्तच बोललो. उषाबाईच्या हाताले आता कसं आहे?

डोळ्याले जपा. चिठ्ठी घनश्याम मास्तरनं लिहून देली वाटते, त्यायचंच एवढं सुरेख अक्षर असते. त्यायले माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
विनोद

॰

अड्याळ,
२८ जुलै

चि. विनोद,

तुझी चिठ्ठी वाचून घेतली. हेड घासून आणलं, बरं झालं. पण आता घाई नको करू. माझ्या मनात वेगळंच येऊन राहिलं. गाडी तयार झाली का तिकडेच एखादं गिऱ्हाईक पाह्य अन् विकून टाक. इथं आणून दारात उभी केली तं येणारा-जाणारा तिच्याकडं बोट दाखवन. मले ते या वयात सोसत नाही.

उषाबाईचे फोड बसले, पण चामडी लाल आहे. चिखलात हात घालता येत नाही म्हणून ती घरीच बसून आहे. भर रोवणीत असं घरी बसणं काय असते, तुले सांगाले नको. बाकीच्या बाया दुसऱ्याच्या गाडीनं जातात. रेणू त्यायच्यासंगं त्या गाडीत बसत नाही. पहाटे निघते, चार कोस पायी जाते, धानाच्या बांधीत उतरते, सगळ्यांच्या मागं एकटी रोवत राहाते अन् पायीच वापस येते. आधी तिच्या नावानं बाया हाका मारायच्या, आता कोणी तिच्याशी बोलत नाही, तीही कोणाशी बोलत नाही. घरात भांडं पडलं तं तेवढा आवाज. तू लिहिलं का रागावू नको. मी रागावत नाही, मी बोलतच नाही.

एक विचाराचं राहिलं. रेणू अजूनही म्हणते का काटा मध्येच होता. तू इंजन खोललं आहे. इंजन तापून जाम झालं अन् काटा मध्येच राहिला, असं होऊ शकते का? हो का नाही, एवढंच लिही. तू नाही म्हणला तं या घरात हा विषय पुन्हा निघणार नाही.

यादोराव

॰

लाखनी,
५ ऑगस्ट

तीर्थस्वरूप वस्ताद,

हो. असं होऊ शकते. असंच झालं.

सहा दिवस झाले तुमची चिठ्ठी येऊन. पैल्या दिवशी मी एका कागदावर "नाही" लिहिलो, पाकिटात टाकलो, चिकटवलो, अन् पोस्टाच्या डब्यापर्यंत जाऊन वापस आलो. ते पाकीट पाने-पकडीच्या पेटीखाली होतं. आज चुलीत घातलो, अन् हे लिहाले बसलो. आता सगळं सांगतो, मधात थांबलो तं पुन्हा हिंमत होनार नाही.

तुमाले आपल्या जुन्या गाड्यायचं ठाऊक आहे. रेडिएटर भरला, पानी तापून वर आलं का जास्तीचं पानी बारक्या नळीनं खालच्या डब्यात पडे. डबा खाली असो का बाजूले असो, फरक नव्हता. त्याचं काम उतू गेलेलं झेलाचं. मी तुमच्याजवळ तेच शिकलो. पन या नव्या इंजनाचा डबा तसा नसते. त्याले बंद झाकन असते, पानी तापून फुगलं का त्यात जाते, थंड झालं का त्यातूनच इंजनात वापस येते. अन् मुख्य म्हंजे इंजनात अडकलेली हवा त्यातूनच बाहेर निघते. हवा वर चढते, म्हनून तो डबा सगळ्यात वर पाह्यजे, इंजनाच्याही वर. मंग इंजनाच्या टोकावरून एक बारीक नळी डब्याच्या डोक्याले, अन् डब्याच्या बुडातून एक जाड नळी खाली पंपाकडं. एवढं साधं आहे ते.

मी डबा खाली बसवलो. चाकाच्या वरच्या पत्र्याले, इंजनाच्या एक वीत खाली. वर बसवून पाह्यलो होतो, तं बॉनेट लागे ना. बॉनेट कापाव लागत होतं. तुमी म्हनले होते का जीपचं तोंड नको बिघडवू. मलेही ते तोंड पाह्यजे होतं, लोकायनं पाहून म्हनावं का वा, इंजन नवं अन् चेहरा जुनाच. म्हनून मी डबा खाली घेतलो अन् सोताले सांगतलो का चालून जाईन. वीस दिवस चाललंही.

हळूहळू हेडमंधी हवा भरत गेली, पानी खाली राहिलं. काटा ज्याच्यावर चालते तो सेन्सर हेडमंधीच असते. तो पान्यात बुडून राहिला तं खरं सांगते. हवेत लटकला तं त्याले पान्याची गर्मी कयतच नाही. मी सोळा तारखेले इथं तपासून पाह्यलो. डबा खालीच ठेवून दुसऱ्या हेडवर इंजन चालवलो. हेडवर पान्याचा थेंब टाकलो तं चर्र करून उडून जाये, अन् काटा मध्येच. मी पंधरा मिनिटं त्या काट्यासमोर उभा होतो. तो हलला नाही.

म्हनजे वैनीनं काटा पाह्यला होता. बरोबर पाह्यला होता. त्यायनं दहादा पाह्यला असता तरी तो मध्येच दिसला असता.

टपरीसमोर बोललो तेव्हा मले हे ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पन तेव्हा मी पाह्यलोही नव्हतो. बॉनेट उघडलो, वाफ पाह्यलो, चार लोकं पाहून राहिले होते, अन् पयला इचार हा आला का माझ्या कामाले नाव नको लागाले. समोर बाईमानूस होतं. सोपं होतं. वैनी म्हनल्या का काटा मध्येच होता, तं मी हसलो, अन् म्हनलो, "इंजन खोटं बोलत नाही, वैनी." हे तुमी तुमच्या चिठ्ठीत लिहिलं नाही. तुमी इसरले असान. मी इसरलो नाही.

सोळा तारखेले कयलं. तुमची माफीची चिठ्ठी वीसले आली. म्हनजे ती वाचताना मले सगळं ठाऊक होतं, अन् तरी मी तुमाले लिहिलो का नवीन हात आहे, होते असं. फोन बी आयकू येत होता. उचलाची लाज वाटत होती. आता तर जेवताना बायको काही पुसते तरी मले वाटते का ह्याच गोष्टीचं पुसून राहिली.

जीप विकू नका. बॉनेटले भोक पाडून, वरून पत्र्याचा उंचवटा ठोकून डबा वर बसवून राहिलो. तोंड बिघडन. मले जे म्हनाचं ते म्हना, फक्त वैनीले आजच्या आज सांगा का त्यायची चूक नव्हती.

विनोद

॰

अड्याळ,
८ ऑगस्ट

विनोद भाऊजी,

घनश्याम मास्तर चैतातच मुलाकडे नागपूरले राहाले गेले. अक्षर माझं आहे. मामाजी बोलतात, मी लिहिते. तुमच्या चिठ्ठ्या येतात त्या मीच त्यायले वाचून दाखवते.

पहिली चिठ्ठीही मीच लिहिली. "बाईमाणसाच्या हाती गाडी देली ही माझीच चूक," हे मामाजी बोलले अन् मी लिहिली. "खोटं बोलून आणखी लाज नको काढू," हेही लिहिली. मामाजी मधात थांबून विचारत, झालं का लिहून, अन् मी म्हणायची, झालं, पुढं सांगा. सासरा सांगून राहिला तं त्यातला एक शब्द गाळला असता तरी मी खोटी ठरली असती. खोटी तं मी ठरलीच होती.

तुम्ही खरं लिहिलं म्हणून मीही खरं लिहिते. दुसऱ्या चिठ्ठीतला शेवटचा प्रश्न मामाजीनं विचारला नव्हता. ते "मी बोलतच नाही" इथंच थांबले होते. मी पायी जाते, कोणी बोलत नाही, हेही त्यायचंच होतं, तेवढं ते पाहतात हे मलेही तेव्हाच कळलं. पण काटा मध्ये राहू शकते का, हो का नाही, हे मी माझ्या मनानं त्यायच्या नावाखाली लिहिली. म्हाताऱ्या, काळा चष्मा लावलेल्या माणसाच्या नावानं चोरून. त्या दिवसापासून त्यायच्या पुढ्यात ताट ठेवतानाही मले कसंतरी होते. पण माझ्या नावानं विचारलं असतं तं तुम्ही उत्तर देलं असतं का? तुम्हीच सांगा.

तुमची चिठ्ठी मी तीनदा वाचली. गोठ्यात बसून रडली, हेही लिहून टाकते. तुमच्या माफीसाठी नाही रडली. इतके दिवस मलेच वाटाले लागलं होतं का मी काटा पाह्यलाच नसन. रस्त्यात खड्डे होते, उषाबाई बोलून राहिली होती, कदाचित मी नुसतीच समजली असन का मध्ये आहे. पायी जाताना रोज आठवून पाहाची. आपल्याच डोळ्यावरचा भरवसा गेला का कसं वाटते हे तुम्हाले नाही कळणार.

चिठ्ठी मी मामाजीले वाचून दाखवली नाही. आली हेही सांगतलं नाही. मी वाचली तं ते म्हणतील का सून आपल्याच मनानं वाचून राहिली. अन् ते न म्हणोत, गाव म्हणन. म्हणून ती चिठ्ठी मी या पाकिटात वापस पाठवून राहिली.

तुम्ही जिथं बोलले तिथं येऊन वाचा. टपरीसमोर, बाजाराच्या दिवशी, मामाजीले बाजूले बसवून. पुरी वाचा, "इंजन खोटं बोलत नाही" तेही वाचा. मी तिथं राहणार नाही. मी असली तं लोक माझ्या तोंडाकडं पाहतील, अन् तुम्ही माझी माफी मागून मोकळे व्हाल. मी बांधीत राहीन.

रेणू

॰

लाखनी,
१५ ऑगस्ट

रेणू वैनी,

तुमी नव्हत्या म्हनून तुमाले लिहून सांगतो. जसं झालं तसंच.

जीप घेऊन मी दहाच्या सुमाराले टपरीवर आलो. बॉनेटवरचा उंचवटा पाहून कोनीतरी म्हनलं का जीपले आवाळू आलं. वस्तादले हात धरून आनलो, बाकड्यावर बसवलो. त्यायले वाटलं का गाडीचा सौदा ठरला. मी म्हनलो, वस्ताद, एक चिठ्ठी तुमाले भेटली नाही, ती वाचून दाखवतो.

उभा राहून वाचलो. पयल्या दोन ओळी स्टोव्हच्या आवाजात गेल्या. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला तेव्हा सगळ्यायले आयकू गेलं. "समोर बाईमानूस होतं, सोपं होतं," इथं आलो तेव्हा वाटलं का हे मधातून सोडून द्यावं, कोनाले कयनार आहे. मंग तुमचं "पुरी वाचा" आठवलं. पुरी वाचलो.

आता पुढचं सांगाची जास्त लाज वाटते. मी समजून आलो होतो का लोकं मले शिव्या देतील. एकानंही देली नाही. कोनी म्हनलं, चालते विनोदभाऊ, मशीनचं काम आहे, होते चूक. कोनी म्हनलं, कबूल केलं, मोठं मन आहे. माझ्या हातात चहा देला. वैनी, मले त्यायनं दोन मिनिटात माफ करून टाकलं. तुमी काहीच केलं नव्हतं, तं तुमाले महिनाभर नाही केलं. तो चहा मी हातात धरून उभा होतो, पेता येई ना, ठेवता येई ना.

वस्ताद मातर म्हनले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलो. लोकं तोवर आपापल्या कामाले लागले होते. मंग ते काठी टेकून उठले अन् सगळ्यायले आयकू जाईन असं म्हनले, "डबा खाली लावाचं याले मीच शिकवलो. तोंड बिघडवू नको हेही मीच म्हनलो. अन् चाबी काढून घेतली तीही मीच." चहा घेतला नाही. मले म्हनले, घरी चाल. अख्ख्या रस्त्यानं माझ्या खांद्यावर हात होता, पन मले असं वाटे का तो हात माझ्यासाठी नाही, डोळ्यावर काळा चष्मा म्हनून आहे. घरी आल्यावर करदोट्याची चाबी सोडली अन् दाराजवळच्या खिळ्याले अडकवली. मले म्हनले, "तिच्या हाती देतो म्हनलो तं ती घेईन. मी देली म्हनून घेईन. तसं नको." तेवढंच.

उषाबाईच्या घरी जाऊन आलो. त्यायनं हात दाखवला.

मी माफी मागत नाही, तुमी तिथं राहिल्या नाही त्याचा अर्थ मले कयला. गाडी तुमच्या दारात आहे. डब्यात पानी दोन रेघांच्या मधात पाह्यजे, रोज सकायी इंजन थंड असताना पाह्यत जा.

विनोद

॰

अड्याळ,
२४ ऑगस्ट

विनोद भाऊजी,

फोन करता आला असता. पण चिठ्ठीत सुरू झालं ते चिठ्ठीतच संपवावं म्हणून लिहून राहिली. मामाजीचा काळा चष्मा निघाला. आता ते आपली चिठ्ठी आपणच लिहितील, ही माझी मी लिहिली.

चाबी खिळ्यावर चार दिवस लटकून होती. मी तिच्या खालून पाणी भराले जायची, झाडलोट कराले जायची, हात लावला नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी त्यायले सांगतली का दुसऱ्या चिठ्ठीतला प्रश्न माझा होता, तुमच्या नावानं मी लिहिली. त्यायनं काठी भिंतीले टेकवली. मंग म्हणाले, "तो माझा असाले पाहिजे होता." त्यायचे डोळे भरले, अन् डॉक्टरनं तं डोळ्याले पाणी लावू नको म्हणलं होतं. मी पदरानं पुसून देली अन् चाबी घेतली.

रोवणीचे शेवटचे दिवस आहेत. बारामधून सात बाया आल्या. ज्या नाही आल्या त्यायचं मी काही म्हणत नाही. उषाबाई आली, हात कोरडा झाला आहे, आल्याबरोबर समोरच्या सीटवर येऊन बसली. आवाळूवाली गाडी म्हणून पोट्टे मागं धावले. धावू द्या.

भाऊजी, काटा मध्येच होता. तुम्ही डबा वर बसवला, मी सकाळी दोन रेघांच्या मधात पाणी पाहिली, सगळं बरोबर होतं. तरी नहरापर्यंत मी तीनदा गाडी थांबवली, उतरली, बॉनेटवर हात ठेवून पाहिली. काटा मध्ये दिसला का मले धडकीच भरते. मागच्या बाया एकमेकींकडं पाहून राहिल्या होत्या. मले लाज वाटत होती, पण थांबल्याशिवाय पाय पुढं जाई ना.

चौथ्यांदा थांबली, नहराच्या त्याच जागी. मी दार उघडली तं उषाबाई म्हणाली, तू बस. तीच उतरली. समोर गेली, अन् तोच हात, लाल चामडीचा, त्या आवाळूवर ठेवला. मी काचेतून पाहून राहिली होती. लय वेळ ठेवला तिनं. मंग वापस येऊन बसली, दार लावलं अन् म्हणाली, "सोसते तेवढंच गरम आहे. चाल."

मंग मी शेतापर्यंत थांबली नाही.

रेणू